बारा ते तीनचा पार

डिचोलीतल्या आमच्या देवळात श्रावणात एक दिवस अखंड भजन असतं. सकाळी सहाला समई लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत भजन थांबू द्यायचं नाही. तीन-तीन तासांचे आठ पहर. पहराला आमच्याकडे पार म्हणतात. गावाचे वाडे आठ, म्हणून प्रत्येक वाड्याला एक पार. वाडा म्हणजे चौसोपी घर असं समजू नका, गोव्यात वाडा म्हणजे वस्ती, वीस-पंचवीस घरांची. आमचा वयलावाडा, म्हणजे वरचा. आमचा पार दुपारी बारा ते तीन.

हा पार खरं तर कुणालाच नको असतो. पहाटेच्या पाराला गळा चांगला लागतो, संध्याकाळच्या पाराला ऐकायला माणसं असतात. बारा ते तीन देवळात असतात उकाडा, माश्या आणि प्रसादाचं जेवून खांबाला टेकून घोरणारे दोन-चार भाविक. माझे वडील सांगत, ऐकायला कुणी नसताना गातो तो खरा गाणारा. लहानपणी मला हे फार थोर वाटायचं. आता वाटतं, वाटणीला आलेल्या वाईट गोष्टीला चांगलं नाव देण्यात आमचा वाडा पहिल्यापासून पटाईत असावा.

भजनाला देवळाची एक जुनी काशाची टाळजोडी असते. पार चालवणाऱ्याच्या हातात ती असते आणि चोवीस तासांत ती जमिनीला टेकवायची नाही. बाकीचे टाळ कुणी कुठेही ठेवा, ही जोडी नाही. पार संपला की ज्याच्या हातात जोडी आहे त्याने समईजवळून दाराकडे तोंड करून पुढच्या वाड्याला नावाने हाक मारायची. त्या वाड्याने "आसांव!" म्हणजे "आहोत" असं उत्तर द्यायचं. मग जोडी या हातातून त्या हातात. हाकेशिवाय कुणी घ्यायची नाही, उत्तराशिवाय कुणाला द्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या पारात उभं राहायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. पण देवळाच्या छपरावरून आणि पालखीच्या वाटेवरून भांडणारे आम्ही या बाबतीत कधी भांडलो नाही. भजन कधी तुटल्याचंही कुणाला आठवत नाही. ज्याच्या हातात ते तुटेल त्याचं नाव पुढची पन्नास वर्षं गावात निघत राहील, एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे.

वडिलांनंतर वयल्यावाड्याची जोडी माझ्या हातात आली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

नोकरीत मी मीटर रीडर होतो. वीज खात्याची वही घेऊन मी सगळी डिचोली पायांखाली घातली आहे. शहर म्हणण्याएवढी ती मोठी नाही, पण नगरपालिका आहे आणि पार्किंगवरून मारामाऱ्या होतात, म्हणजे शहरच. जुन्या घरांत मीटर सोप्यावर असे, कधी आतल्या भिंतीवर. अंगणात उभं राहून "घरांत कोण आसा गे?" अशी हाक दिल्याशिवाय पायरी चढायची नाही. आतून "आसां, यो" असं यायचं. मग पाणी, मग कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली. एका मीटरला दहा मिनिटं लागत आणि वरिष्ठ ओरडत.

पुढे गावाच्या कडेकडेने इमारती उठल्या. जिथे काजूची झाडं होती तिथे फाटक, फाटकावर इंग्रजी नाव, आत चार मजले. तिथे सगळे मीटर जिन्याखाली एका फळीवर एका रांगेत. चाळीस घरांचं रीडिंग दहा मिनिटांत उरकायचं, माणसाचं तोंडसुद्धा न बघता. माझे पाय वाचले, वरिष्ठ खूश झाले. पण मी घरी येऊन सांगायचो, ती काय डिचोली नव्हे, ते नुसते मीटर. डिचोली म्हणजे मंगळुरी कौलं, डिचोली म्हणजे बुधवारचा बाजार, डिचोली म्हणजे आठ वाडे. पणजीहून कुणी गावाची माहिती विचारायला आला की लोक त्याला माझ्याकडे धाडत आणि मी त्याला हेच घोटून सांगत असे. ऐकणारा लिहून घेई, त्यामुळे मला ते आणखीच खरं वाटू लागलं होतं.

निवृत्त झालो आणि भावांत घराची वाटणी झाली. माझ्या वाट्याला आलं त्यात दोन माणसं धड राहू शकली नसती. मग कारापूरच्या रस्त्याला, मी ज्यांना नुसते मीटर म्हणायचो त्यांतल्याच एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जिन्याखालच्या फळीवर माझाही मीटर लागला. ज्या दिवशी लागला त्या दिवशी मी तो वाचायला गेलो नाही.

बायको सावंतवाडीकडची. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी बोली सोडलेली नाही. कॉलनीत आठवड्याभरात तिची सगळ्यांशी ओळख झाली, कारण निम्मी कॉलनी सिंधुदुर्गातलीच. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवर आणि मशीनवर कामाला आलेली ही माणसं. खाणी थांबल्यावर काही परत गेली, बाकीची दुसऱ्या गाड्यांवर लागली आणि इथेच राहिली. वीस-पंचवीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून मग कुठे हे फ्लॅट. आमच्या खाली राहणारा ट्रकवाला तर असा गातो की त्याच्यापुढे वयल्यावाड्यात तोंड उघडायची कुणाची छाती नाही. मंगळवारी संध्याकाळी ही मंडळी पार्किंगमधल्या दोन गाड्या बाहेर काढून, सतरंजी अंथरून भजनाला बसत. बायको पुढे. मी त्या वेळी मुद्दाम वयल्यावाड्यात जाऊन बसत असे. रोज सकाळीही तिकडेच जायचो, चहा आणि पेपरसाठी. फाटकावर पाववाला येत असला तरी येताना पाव तिकडूनच घ्यायचो, हा विनोद बायको अजून सांगते.

"तुमची डिचोली खंय संपता ता सांगू?" ती एकदा म्हणाली. "तुमच्या वाड्याच्या गटाराकडे. त्याच्या पलतडी तुमका काय दिसणाच नाय."

मी म्हटलं, गटार नव्हे, व्हाळ आहे तो, ओढा.

गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी देवळात बैठक होती. त्यात एक अर्ज आला. कॉलनीतल्या भजनी मंडळींनी मागितलं होतं की आम्हाला अखंड भजनात थोडी जागा द्यावी. पूर्ण पार नको, एखादा तास. खाली पंधरा-वीस सह्या होत्या. सगळ्यात वर आमच्या बायकोची होती. मला तिने आधी काही सांगितलं नव्हतं, आणि बरोबरच होतं. सांगितलं असतं तर मी घरातच भांडलो असतो.

अध्यक्षांनी अर्ज वाचला आणि इकडेतिकडे बघितलं. तेव्हा मी उभा राहिलो. मी म्हटलं, "पार वाड्याक आसता. कॉलनीक पार कसलो? ती परवां जाल्या. फाल्यां पेट्रोल पंपाक दिवया, तोय आमच्याच गांवांत आसा." उद्या पेट्रोल पंपालाही पार द्या, यावर लोक हसले. हशा मिळाला की माणसाला चेव येतो. मी पुढे म्हटलं, त्या लोकांना आपल्या शेजारच्या दाराचं नाव माहीत नसतं, फ्लॅटचा नंबर माहीत असतो. नंबराला हाक कशी मारणार? पुन्हा हशा. अर्ज बाजूला ठेवला गेला.

घरी पोचेपर्यंत बायकोला सगळं कळलं होतं. तिने जेवण वाढलं, आमटी, सुकी मासळी, सगळं होतं, आणि ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप समोर ठेवून म्हणाली, "माका चाळीस वर्सां झाली हंय येवन. मी अजून भायलीच काय?"

मी म्हटलं, तुझा प्रश्न नाही, कॉलनीचा आहे.

"मी खंय रवतंय?" ती म्हणाली. "आणि तुमी खंय रवतास?" मग कप माझ्याकडे सरकवून, "आमी मागलंव, तुमी नाय म्हटल्यात. आता आमी मागूचंव नाय. कोणी हाक मारल्यान तर येतलंव."

एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. मी पेपर उघडला. पेपर कालचा होता.

यंदाच्या श्रावणात मी वयल्यावाड्याची यादी काढली. वाड्यात बावीस घरं. त्यांतल्या बारांना कुलूप. पोरं पर्वरीला, म्हापशाला, वेर्ण्याला, फोंड्याला, जिथे नोकरी तिथे. मी एकेकाला फोन लावला. सगळे म्हणाले, "येतां." मी सतरा "येतां" मोजले. आमच्याकडे "येतां" हा शब्द फोन ठेवण्यासाठी वापरतात हे मला कळायला हवं होतं, कारण मी स्वतःही तो तसाच वापरतो.

बारा वाजता मला हाक आली. मी "आसांव" म्हटलं आणि जोडी घेतली. मागे वळून बघितलं तर आम्ही तिघं. मी, एक निवृत्त बस कंडक्टर आणि बाजारात पूर्वी दुकान असलेला एक म्हातारा, ज्याला ऐकू कमी येतं. पेटीवाला आणि पखवाजवाला देवळाचे, ते सगळ्याच पारांना असतात. सतरापैकी एकाचा मेसेज आला होता, हात जोडलेल्या चित्रासह.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला दुकानदाराचा मुलगा येऊन त्याला शुगरच्या गोळ्या घ्यायच्या म्हणून घरी घेऊन गेला. दोन वाजून गेल्यावर कंडक्टरचा आवाज बसला. चाळीस वर्षं "चल, मागे सर" ओरडून त्या गळ्यात शिल्लक ती किती असणार! तो नुसता शेजारी उभा राहून ओठ हलवत होता, तरी मला त्याचा आधार वाटत होता. मी अभंग सोडून नामावर आलो. नुसतं विठ्ठल विठ्ठल. त्याला श्वास कमी लागतो. घड्याळ दाराच्या वर आहे, मी समईकडे बघायचं सोडून घड्याळाकडे बघत होतो. देवाची क्षमा मागून सांगतो, त्या तासाभरात माझ्या मनात भक्ती नव्हती. माझ्या मनात वडील होते आणि ती पन्नास वर्षं.

अडीचच्या सुमारास कॉलनीतली मंडळी आली. ती दरवर्षी येत, तीनच्या पाराला, कारण तो खालच्या वाड्याचा आणि तिथले गाणारे चांगले. दाराजवळ, चपलांच्या अलीकडे बसत. सात-आठ जण होते. ट्रकवाला होता, त्याची बायको, माझी बायको. माझी अवस्था त्यांना दिसत होती. ट्रकवाल्याचा हात मांडीवर ठेका धरत होता. पण कुणी उठलं नाही. उठणार कसं? दुसऱ्याच्या पारात उभं राहायचं नाही.

तीन वाजले. मी दाराकडे तोंड करून हाक मारली, "सकयलोवाडो!" सकयलावाडा म्हणजे खालचा वाडा.

उत्तर आलं नाही.

पेटी आणि पखवाज चालूच होते. मी दोनदा नाम घेतलं आणि परत हाक मारली. देवळाच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पुजारी फोन कानाला लावून आला आणि माझ्या कानात सांगून गेला. खालच्या वाड्याची पोरं आता बहुतेक धारगळला राहतात, विमानतळावरच्या नोकऱ्यांमुळे. ऐन वेळी माणसं गळायला नकोत म्हणून त्यांनी एकच मिनीबस ठरवली होती, सगळे एकदम येतील, कुणी चुकणार नाही. ती बस हायवेवर अडकली होती. पुढे कंटेनर आडवा झाला होता. सगळे एकदम येणार होते, ते सगळे एकदम अडकले. "अर्दें वर तरी लागतलें," पुजारी म्हणाला.

अर्धा तास. एरवी अर्धा तास म्हणजे काय! वयल्यावाड्यात सकाळी चहाला बसलं की तो सहज जातो. पण आवाजाच्या जागी नुसता वारा येत होता, आणि हातातली जोडी वजनाने दुप्पट झाली होती. कंडक्टरकडे बघितलं, तो खांबाला धरून उभा होता. पखवाजवाला मान हलवून कुणाला तरी म्हणाला, "कदेल हाडा रे तांकां." खुर्ची आली. मी बसलो नाही. बसलो असतो तर जोडी मांडीवर आली असती, आणि मांडीवरून जमिनीवर यायला वेळ लागला नसता.

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या मनात आलं, ही आता उठेल. चाळीस वर्षांत मला ताप आला, अपघात झाला, नोकरीत चौकशी लागली, प्रत्येक वेळी ही न सांगता उठली आहे. या वेळी ती मांडी घालून बसून होती. डोळ्यांत पाणी होतं, पण जागची हलत नव्हती. मला राग आला. मग तो गेला आणि लाज वाटली. ती नियम पाळत होती. माझाच नियम, बैठकीत उभं राहून, हशा घेऊन सांगितलेला. तिला हाक नव्हती, आणि जोडी माझ्या हातात होती, म्हणजे हाक मारायची तर ती मीच.

पण कशी मारायची? फाटकावरचं इंग्रजी नाव मी आजवर तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. पत्ता सांगताना मी "कारापूरच्या रस्त्याला" म्हणतो. देवळात ते नाव ओरडायला जीभ वळेना. नंबराला हाक कशी मारणार, हे मीच विचारलं होतं ना.

तीन वर सात मिनिटं झाली होती. मी जोडी छातीशी धरली, दाराकडे तोंड केलं आणि होता नव्हता तो आवाज काढून हाक मारली, "कॉलनीवाडो!"

पेटीवाल्याने वर बघितलं. त्याचे हात थांबले नाहीत, हे त्याचे उपकार. दाराशी ट्रकवाल्याने माझ्या बायकोकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता हेही उत्तर देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

"आसांव!"

एक आवाज बायकोचा होता. दुसरा ट्रकवाल्याचा, आणि तो देवळाच्या घुमटापर्यंत गेला. सात-आठ माणसं उठून आत आली. चालता चालताच त्यांनी नाम उचललं होतं, म्हणून माझं तोंड मिटलं तरी भजन तुटलं नाही. बायकोने दोन्ही हात पुढे केले. मी जोडी दिली. तिच्या हातांना सकाळच्या मसाल्याचा वास होता. तिने पहिला ठेका दिला आणि ट्रकवाल्याने अभंग असा उचलला की खांबाला टेकून झोपलेले भाविक उठून बसले.

खालच्या वाड्याची बस पावणेचारला पोचली. ती मंडळी पायऱ्या चढून आली, आत पार चालू दिसला, आणि ती दाराजवळ, चपलांच्या अलीकडे गप्प बसली. चार वाजता बायकोने हाक मारली तेव्हा त्यांनी "आसांव" म्हणून जोडी घेतली. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीत बोलतील. बोलू देत, मीही जाणार आहे.

पण हे नंतरचं. त्या क्षणी, जोडी दिल्यावर, माझे हात रिकामे झाले आणि मला पहिल्यांदा कळलं की ते किती दुखत होते. कंडक्टर खुर्चीवर बसला होता. मीही त्याच्या बाजूला जाऊन खाली टेकावं म्हणून वळलो. बावीस वर्षं पार संपल्यावर मी तेच करत आलो आहे.

"खंय चललात?" बायकोने टाळ न थांबवता विचारलं.

मी म्हटलं, बसतो जरा. माझा पार झाला.

"वयल्यावाड्याचो झालो," ती म्हणाली. "तुमी रवतास खंय? हयसर उभे रवा."

मी वळलो आणि रांगेत, ट्रकवाल्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो.